बर्फ, वारा आणि पूर एकाच वादळातून कसे येतात?

हिवाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मोठे वादळ धडकले की एकाच बातमीत तीन वेगवेगळी चित्रे दिसतात : कमरेएवढ्या बर्फात रुतलेल्या मोटारी, वाऱ्याने उन्मळून पडलेली झाडे, आणि किनाऱ्यालगतच्या गल्ल्यांमधून वाहणारे समुद्राचे पाणी. लातूर, नांदेड, संभाजीनगरकडची पुष्कळ मुले आता तिकडे शिकायला आणि नोकरीला असल्यामुळे ही बातमी पाहून इकडची माणसे रात्री-अपरात्री फोन लावतात, आणि त्या फोनवर एक प्रश्न हमखास निघतो : सगळे गोठले आहे म्हणता, तर मग पूर कशाचा आला? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर शोधत गेलो की या वादळाची सगळी घडण समजते, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या हरभऱ्यावर आणि मोसंबीवर पडणाऱ्या गारांशी त्याचे काय नाते आहे, तेही लक्षात येते.

थंडी एकटी वादळ घडवू शकत नाही

पौषातल्या पहाटे मोटारसायकलवरून शेताकडे जाताना रस्ता ओढ्यात उतरला की अंगावर एकदम काटा येतो आणि पुन्हा माळावर चढलो की थोडी ऊब जाणवते, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना आहे. थंड हवा जड असते, म्हणून ती पाण्यासारखी सखल जागी उतरून साचते. उबदार हवा हलकी असते आणि वर राहते. हिवाळी वादळाची सगळी सुरुवात या एवढ्याशा गोष्टीत आहे.

आता हाच प्रकार हजारो किलोमीटरच्या पटावर कल्पून पाहा. कॅनडाच्या गोठलेल्या प्रदेशावरून कोरडी, बर्फगार हवा दक्षिणेकडे सरकत असते आणि मेक्सिकोच्या आखातावरून व अटलांटिक महासागरावरून उबदार, दमट हवा उत्तरेकडे येत असते. या दोन हवा एकमेकींत चटकन मिसळत नाहीत. त्यांच्या मधल्या सीमेला हवामानशास्त्रात ‘आघाडी’ म्हणतात. नॉर्वेतल्या बर्गेन शहरात व्हिल्हेल्म बर्कनेस, त्यांचा मुलगा जेकब आणि त्यांचे सहकारी यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या काळात ही कल्पना मांडली, आणि समोरासमोर ठाकलेल्या सैन्यांची रेषा तेव्हा सगळ्यांच्याच डोळ्यांसमोर असल्यामुळे हेच नाव त्यांनी घेतले. नाव चपखल आहे, कारण या रेषेवर कधी थंड हवा पुढे मुसंडी मारते, तर कधी उबदार हवा.

थंड हवा पाचरीसारखी उबदार हवेच्या खाली घुसते आणि उबदार हवा वर ढकलली जाते. वर गेलेल्या हवेमुळे खालचा दाब कमी होतो आणि ती जागा भरायला आजूबाजूची हवा धावते. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे ही धावणारी हवा सरळ न जाता वळते. उत्तर गोलार्धात ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गरगरू लागते. कमी दाबाभोवती फिरणाऱ्या वाऱ्यांच्या या भोवऱ्याला आपल्या भूगोलाच्या पुस्तकांत ‘आवर्त’ म्हटलेले आहे. हिवाळी वादळ म्हणजे थंड आणि उबदार हवेच्या भांडणातून उभे राहिलेले आवर्त.

माठातून गेलेली उष्णता ढगात परत मिळते

माठातले पाणी गार का होते, हे आपल्याला ठाऊक आहे : माठाच्या अंगावर पाझरलेले पाणी वाफ होताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. ही उष्णता नाहीशी होत नाही, ती वाफेत दडून राहते. वाफेचे पुन्हा पाणी किंवा बर्फ झाले की ती बाहेर पडते. समुद्रावरून आलेली दमट हवा वर चढून थंड होते, तिच्यातल्या वाफेचे ढग होतात, आणि दडलेली उष्णता मोकळी होऊन त्या हवेला आणखी वर उचलते. हवा जितकी जोरात वर, तितका खालचा दाब कमी आणि तितका वारा जास्त. गल्फ स्ट्रीम नावाचा उबदार सागरी प्रवाह अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळून वाहतो, म्हणून तिथे बर्फगार जमीन आणि उबदार समुद्र अगदी शेजारी-शेजारी येतात. जगातली काही जबर हिवाळी वादळे त्याच किनाऱ्यालगत जन्मतात, याचे कारण हे आहे.

याशिवाय नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा अतिवेगवान वारा, म्हणजे जेट प्रवाह, आपले काम करत असतो. चुलीच्या धुराड्याच्या तोंडावरून वारा जोरात वाहत असला की खालचा धूर भराभर ओढला जातो. जेट प्रवाहाचा योग्य भाग वादळाच्या डोक्यावर आला की वरची हवा तशीच वेगाने बाजूला नेली जाते आणि खालचा दाब झपाट्याने उतरतो. (दाखला समजण्यापुरता आहे, दोन्हींमागचे शास्त्र तंतोतंत एक नाही.)

आपल्या ओळखीच्या चक्रीवादळापेक्षा हा प्रकार वेगळा आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर चढले, त्याचे उरलेसुरले अवशेष मराठवाड्यावरून गेले आणि मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, ते पुष्कळांना आठवत असेल. ते वादळ फक्त उबदार समुद्रावर जगणारे होते, म्हणून जमिनीवर येताच त्याचा जोर ओसरला. पाऊस मात्र राहिला. हिवाळी वादळाचे इंधन तापमानातल्या फरकात असते, आणि तो फरक जमिनीवरही असतो. त्यामुळे ते जमिनीवरही वाढू शकते आणि हजार-दीड हजार किलोमीटरचा पट्टा एकाच वेळी व्यापू शकते.

‘बॉम्ब’ हा शब्द वाहिन्यांनी शोधलेला नाही

अलीकडे ‘बॉम्ब सायक्लोन’ हा शब्द ऐकून अनेकांना वाटते की हा बातमी चढवून सांगण्याचा प्रकार असावा. प्रत्यक्षात फ्रेड सँडर्स आणि जॉन ग्याकम या हवामानशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये ‘बॉम्ब’ या शब्दाची नेमकी व्याख्या दिली : ६० अंश अक्षांशाजवळ चोवीस तासांत केंद्रातला दाब किमान २४ हेक्टापास्कलने (हे हवेचा दाब मोजण्याचे एकक) उतरला, तर ते वादळ ‘बॉम्ब’. विषुववृत्ताकडे सरकत गेले की ही अट थोडी कमी होते. समुद्रसपाटीवरचा नेहमीचा दाब सुमारे १०१३ हेक्टापास्कल असतो, हे लक्षात घेतले की २४ हा आकडा लहान वाटतो. पण दाबातल्या इतक्या घसरणीनेही वारा झाडे उपटण्याइतका वाढतो. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका वादळात हा दाब एका दिवसात ५० हेक्टापास्कलहून अधिक उतरला होता.

माळवदावर शंभर पोती

बर्फाचे वजन डोळ्यांनी कळत नाही. साधारण हिशेब असा की, एक सेंटिमीटर पावसाचे पाणी बर्फ होऊन पडले तर त्याचा थर सुमारे दहा सेंटिमीटर होतो. हवा फार थंड असेल तर तो भुसभुशीत होऊन आणखी जाड होतो आणि तापमान शून्याच्या आसपास असेल तर ओला, दाट आणि जड होतो. समजा, आपल्याकडच्या दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद माळवदावर ५० सेंटिमीटर बर्फ पडला. त्यात पाच सेंटिमीटर पाणी आहे, म्हणजे पाच टन वजन, म्हणजे पन्नास किलोची शंभर पोती. सोयाबीनची शंभर पोती माळवदावर रचण्याचा विचार आपण करणार नाही, आणि म्हणूनच बर्फाळ प्रदेशातली घरे उतरत्या छपरांची असतात.

याहून घातक प्रकार म्हणजे पाऊस पाण्याच्या रूपात पडून जमिनीवर टेकताच गोठणे. वरच्या थरात उबदार हवा आणि जमिनीलगत पातळसा थंड थर असला की असे होते. फांद्या, तारा, रस्ते यांवर काचेसारखे कवच चढत जाते. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक आणि ओंटारिओ प्रांतांत असा पाऊस कित्येक दिवस पडला, तेव्हा विजेचे महाकाय मनोरे या ओझ्याने वाकून कोसळले आणि काही भागांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती.

मग पूर कुठून येतो?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एक वादळ म्हणजे एक हवामान, असा आपला समज असतो आणि घोटाळा तिथेच होतो. आवर्त गरगर फिरत असल्यामुळे त्याच्या पूर्वेकडच्या भागात दक्षिणेचे उबदार वारे घुसतात आणि पश्चिमेकडच्या भागात उत्तरेचे थंड वारे. म्हणून त्याच वादळाच्या एका बाजूला बर्फ पडतो, दुसऱ्या बाजूला मुसळधार पाऊस, आणि दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात दोन्हींची सरमिसळ. बातमीत ही सगळी दृश्ये एकत्र दाखवली जातात, परंतु पूर आलेले गाव आणि बर्फात गाडलेले गाव पुष्कळदा शेकडो किलोमीटर लांब असतात.

किनाऱ्यावरचा पूर मात्र बर्फाच्या शेजारीच येऊ शकतो, कारण त्याचे पाणी आकाशातून आलेले नसते. हवेचा दाब एक हेक्टापास्कलने कमी झाला की त्याखालचा समुद्र साधारण एक सेंटिमीटर फुगतो. दाब ९६० पर्यंत उतरला तर नुसत्या त्यानेच समुद्राची पातळी अर्ध्या मीटरने वाढते. त्यात कित्येक तास किनाऱ्याच्या दिशेने वाहणारा वारा पाणी ढकलत राहतो. परातीतल्या पाण्यावर एकाच बाजूने फुंकर घालत राहिलो की दुसऱ्या काठावर पाणी चढते, तसेच हे आहे. आणि याच वेळी भरती आली, तर पाणी शहरात शिरते. ४ जानेवारी २०१८ रोजी बॉस्टनच्या बंदरात नोंदींच्या इतिहासातली सर्वांत उंच पाणीपातळी गाठली गेली आणि १९७८ च्या हिमवादळातला विक्रम मोडला. त्या दिवशी तिथल्या रस्त्यांवर बर्फाचे तुकडे तरंगणारे खारे पाणी वाहत होते. मार्च १९९३ च्या प्रचंड वादळात तर अलाबामासारख्या दक्षिणेकडच्या राज्यात फूटभर बर्फ साचला आणि फ्लोरिडाच्या आखाती किनाऱ्यावर काही ठिकाणी समुद्र साडेतीन मीटरच्या आसपास चढला. फ्लोरिडातल्या लोकांनी मार्च महिन्यात चक्रीवादळासारख्या लाटेची कल्पनाच केली नव्हती, आणि त्या बेसावधपणाची किंमत जिवांनी मोजावी लागली.

तिसरा पूर वादळ संपल्यावर येतो, आणि माझ्या मते सर्वांत फसवा हाच आहे. साचलेला बर्फ म्हणजे जमिनीवर उभे असलेले, पण अद्याप न वाहिलेले पाणी. आपल्याकडे पावसाळ्याच्या सुरुवातीला तहानलेली काळी जमीन भेगांमधून पाणी पिऊन घेते. तिकडे हिवाळ्यात जमीन फुटभर खोल गोठलेली असते आणि फरशीसारखी पाणी अंगावर घेत नाही. अशा वेळी अचानक तापमान वाढून वरून पाऊस पडला, तर पाऊस आणि वितळलेला बर्फ दोन्ही एकदमच नदीत उतरतात. जानेवारी १९९६ मध्ये पेनसिल्व्हेनियात नेमके हेच झाले : आधी मोठे हिमवादळ, मग काही दिवसांत ऊब आणि पाऊस, आणि सस्क्वेहाना नदीला महापूर. नदीवरचा बर्फ फुटून त्याचे मोठमोठे तुकडे पुलाला अडकतात, त्यांचा बांध तयार होतो आणि पाणी मागे तुंबते, तो प्रकार वेगळाच. म्हणून तिकडे असलेल्या मुलाने “आता ऊन पडले आहे” असे फोनवर सांगितले, तरी त्याचे घर नदीकाठी असेल तर पुढचे चार-पाच दिवस काळजीचे असतात.

वारा थंडीला धार लावतो

रब्बीच्या पिकाला रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला, दारे धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला ठाऊक असते की वारा पडलेला असेल तर थंडी सोसते आणि वारा सुटला की तीच थंडी हाडात शिरते. शरीर आपल्याभोवती उबदार हवेचा एक पातळ थर तयार करते आणि वारा तो सतत हिसकावून नेतो. तापमान उणे १० अंश असताना ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या कातडीला ते सुमारे उणे २१ अंशांसारखे जाणवते.

अमेरिकेची हवामान संस्था ज्याला ‘ब्लिझर्ड’ म्हणते, त्याच्या व्याख्येत बर्फ किती पडला याचा उल्लेखच नाही. ताशी ५६ किलोमीटर किंवा त्याहून जास्त वारा आणि उडत्या बर्फामुळे चारशे मीटरपलीकडचे न दिसणे, हे सलग तीन तास टिकले की ते ब्लिझर्ड. जुना पडलेला बर्फ उडूनही ते होऊ शकते. डिसेंबर २०२२ मध्ये ईरी सरोवराकाठच्या बफेलो शहरात ही स्थिती जवळपास दीड दिवस टिकली, रुग्णवाहिका आणि अग्निशमनाच्या गाड्याच बर्फात अडकल्या आणि त्या परिसरात चाळीसहून अधिक माणसे दगावली. त्यातली काही मोटारींत, काही उघड्यावर, तर काही गरम न होऊ शकलेल्या स्वतःच्या घरांत सापडली.

मोटार बर्फात गाडली गेल्यावर इंजिन चालू ठेवून ऊब घेणे जिवावर बेतू शकते, कारण धुराची नळी बर्फाने बुजली की कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू आत साचतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांच्या गाड्या रात्रभर अडकल्या आणि वीसहून अधिक जण, त्यांत लहान मुलेही होती, गाड्यांमध्येच मरण पावले. ही एक गोष्ट तिकडे राहणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगून ठेवण्यासारखी आहे : इंजिन सुरू करण्याआधी खाली उतरून नळीभोवतीचा बर्फ काढायचा आणि काच थोडी उघडी ठेवायची.

‘पृथ्वी तापते आहे, मग इतका बर्फ कसा?’

ही शंका साध्या माणसाला येते तशी मोठमोठ्यांनाही येते. २६ फेब्रुवारी २०१५ रोजी जेम्स इन्होफ हे सदस्य अमेरिकेच्या सिनेटमध्ये बर्फाचा गोळा घेऊन आले होते आणि बाहेर इतकी थंडी असताना तापमानवाढ कसली, असे त्यांना सुचवायचे होते. या युक्तिवादात एक गोष्ट सुटते. बर्फाला थंडी लागते तशी वाफही लागते. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की तिची वाफ सामावण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. उणे आठऐवजी उणे सहा अंश तापमान असले तरी पडणार तो बर्फच, पण त्याच्यासाठी पाणी अधिक उपलब्ध असते. त्यामुळे एखाददुसरे वादळ पूर्वीपेक्षा जास्त बर्फ टाकू शकते आणि त्याच काळात एकूण हिवाळा आखूडही होऊ शकतो, पूर्वी बर्फ म्हणून पडणारे पुष्कळसे पाणी पाऊस म्हणून पडू शकते. समुद्राची पातळी आधीच उंचावलेली असल्याने वादळातली लाट पूर्वीपेक्षा आत पोहोचते, हेही त्यात जोडले पाहिजे.

‘इतक्या सुधारलेल्या देशाची ही गत का?’

सज्जता ही नेहमीच्या सवयीवर ठरते. बॉस्टनमध्ये बर्फ हटवणारी यंत्रे आणि रस्त्यांवर टाकायचे मीठ तयार असते. मिठामुळे पाणी शून्याच्या खालीही गोठत नाही, मात्र फार कडक थंडीत मिठाचाही उपयोग कमी होतो. याउलट टेक्सास हे उष्ण राज्य. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे कडाक्याची थंडी आणि बर्फ आला, तेव्हा नैसर्गिक वायूच्या विहिरी, नळ आणि वीजकेंद्रांची उपकरणे गोठली, त्याच वेळी घरे गरम ठेवण्यासाठी विजेची मागणी चढली, आणि शेजारच्या राज्यांशी जोडणी अगदी थोडी असल्यामुळे बाहेरून वीज आणता आली नाही. ४५ लाखांच्या आसपास घरे आणि व्यवसाय अंधारात गेले. राज्य सरकारच्या मोजणीप्रमाणे २४६ मृत्यू झाले. आपल्याला भारनियमन नवे नाही, पण उणे दहा अंशांत दोन-तीन दिवस वीज नसणे म्हणजे काय, याचा अंदाज आपल्या अनुभवातून येणार नाही.

आपल्याकडे याच कुळातले काय येते?

भूमध्य समुद्राच्या परिसरातून निघून इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत हिवाळ्यात महिन्याला चार-सहा वेळा जे ‘पश्चिमी झंझावात’ उत्तर भारतात येतात, ते याच कुळातले आहेत. काश्मीर आणि हिमाचलचा बर्फ तेच देतात, पंजाबच्या गव्हाला हिवाळी पाऊस तेच देतात, आणि मरीच्या त्या रात्रीचा बर्फही एका पश्चिमी झंझावातानेच टाकला. झंझावात पुढे सरकला की आकाश निवळते, उत्तरेचे कोरडे वारे खाली उतरतात, आणि परभणीचा पारा राज्यात सर्वांत कमी असल्याची बातमी वर्तमानपत्रात येते.

कधी कधी मात्र त्याच्या वरच्या थरातली शेपटी बरीच दक्षिणेकडे झुकते. पाच-सहा किलोमीटर उंचीवर थंड, कोरडी हवा मराठवाड्यावर येते. खाली बंगालच्या उपसागरावरून आणि अरबी समुद्रावरून आलेले दमट वारे विदर्भ-मराठवाड्यावर एकत्र येतात आणि फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी तापलेली जमीन त्या हवेला वर फेकते. खाली उबदार आणि वर बर्फगार, अशी रचना झाली की ढग उभेच्या उभे वाढतात. त्यातले पाण्याचे थेंब वर जाऊन गोठतात, त्यांच्यावर थरावर थर चढतात आणि वजन पेलेनासे झाले की ते गारा होऊन कोसळतात. हिमकण वाफेतून सावकाश घडणारे हलके स्फटिक असतात. गार ही गडगडाटी ढगाच्या जोरदार उसळीतून घडलेली गोटी असते. आपल्याकडे हवेचे तापमान शून्यावर येते ते समुद्रसपाटीपासून चार किलोमीटरच्या आसपास, आणि आपली जमीन चारशे ते सहाशे मीटर उंचीवर आहे. इतक्या उबदार हवेतून खाली येताना हिमकण वितळून पाऊस होतो, भरीव गार मात्र तेवढ्या वेळात वितळत नाही. मराठवाड्यात बर्फ पडत नाही आणि गारा पडतात, त्याचे कारण हे.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये असे प्रसंग जवळपास तीन आठवडे एकामागून एक येत राहिले. काढणीला आलेला गहू आणि हरभरा, उभी रब्बी ज्वारी, जालन्याकडच्या मोसंबीच्या बागा, डाळिंब, आंब्याचा मोहोर, कशाकशाची गणती करावी? गोठ्याबाहेर बांधलेली जनावरे दगावली. दुष्काळाशी झुंजण्याची सवय असलेल्या प्रदेशाला हातातोंडाशी आलेले पीक पंधरा मिनिटांत आडवे होताना पाहावे लागले, आणि पुष्कळांना आजही हवामानाच्या बातमीतला ‘पश्चिमी झंझावात’ हा शब्द उत्तरेकडच्या लोकांसाठी आहे असेच वाटते.

‘अंदाज चुकतोच, मग ऐकायचे कशाला?’

जानेवारी २०१५ मध्ये न्यूयॉर्क शहरासाठी दोन फुटांहून अधिक बर्फाचा इशारा होता, रस्ते आणि भुयारी रेल्वे बंद केली गेली, आणि प्रत्यक्षात शहराच्या मध्यवर्ती उद्यानात २५ सेंटिमीटरच्या आसपासच बर्फ पडला. लोक चिडले. परंतु तिथून थोड्याच अंतरावर, लाँग आयलंडच्या पूर्व भागात, दोन फूट बर्फ खरोखरच पडला होता. वादळ सांगितल्याप्रमाणे आले होते, फक्त त्याची कड थोडी पूर्वेला सरकली होती. एका शिवारात पाऊस झोडपतो आणि बांधापलीकडे धूळ उडत असते, हे पाहिलेल्या आपल्या लोकांना ही चूक कशी होते, ते वेगळे सांगायला नको.

मोठे हिवाळी वादळ चार-पाच दिवस आधी ओळखता येते. गारपिटीचे तसे नाही. कोणत्या जिल्ह्यांत शक्यता आहे, एवढे भारतीय हवामान विभाग दोन-तीन दिवस आधी सांगू शकतो, पण कोणत्या गावावर गार पडेल, ते रडारवर ढग दिसल्यावर, म्हणजे जेमतेम एक-दोन तास आधीच कळते. म्हणून पिवळा इशारा असला की हवामानाच्या बातम्यांवर लक्ष ठेवायचे, नारिंगी असला की तयारीत राहायचे, आणि लाल असला की लगेच कृती करायची. फेब्रुवारीत नारिंगी इशारा आला आणि हरभरा काढून शेतात पडलेला असेल, तर त्याची गंजी त्याच दिवशी ताडपत्रीखाली घालून ताडपत्रीच्या कडा दगडांनी दाबायच्या, जनावरे झाडाखाली न बांधता गोठ्यात घ्यायची, आणि दुपारनंतर पश्चिमेला काळा ढग उभा चढताना दिसला की रानातल्या माणसांना हाक मारून पक्क्या छपराखाली आणायचे. विजेचा धोका जवळ आला आहे का, ते पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेल्या ‘दामिनी’ ॲपवर मोबाइलमध्ये पाहता येते, आणि ते ॲप मोफत आहे.